हरणाच्या कातड्याचा स्पॉरन: ऑगस्ट ते जानेवारी

किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्याला, खिसे नसतात. पुढे कमरेखाली जी थैली लटकते, म्हणजे स्पॉरन, ती शोभेसाठी कमी आणि गाडीची किल्ली, फोन, बँकेचं कार्ड ठेवायला जास्त. स्कॉटलंडमधल्या पर्थला राहायला आल्यापासून मित्रांच्या लग्नांना मी भाड्याचाच किल्ट घालत होतो. भाड्याच्या संचातला स्पॉरन बहुतेक वेळा नकली केसांचा असतो आणि ऐन नाचात त्याचं बटण उघडतं. 2023 च्या उन्हाळ्यात स्वतःचा किल्ट शिवून घेतला, तेव्हा ठरवलं की स्पॉरन आपण करायचा, तोही कच्च्या कातड्यापासून. मराठीत याबद्दल काही सापडलं नाही आणि इंग्रजीत सापडलं ते तुकड्यातुकड्यांत. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहून ठेवतो आहे.

एक आधीच सांगतो. स्वस्तात पडेल म्हणून यात उडी मारू नका. पाकिस्तानातल्या सियालकोटला किल्ट, बॅगपाइप आणि त्यासोबतच्या सगळ्या सामानाचा मोठा धंदा आहे आणि तिथून आलेला साधा चामडी स्पॉरन इथे पन्नास पाउंडांच्या आत मिळतो. माझा त्याच्या चौपटीच्या आसपास गेला. हिशेब पुढे येईलच.

पहिलं घोडं अडतं ते कातडं कुणाचं, या प्रश्नावर. जुने स्पॉरन बघितले की त्यात सील, बॅजर, पाणमांजर, रानमांजर सगळे दिसतात. काहींवर तर त्या प्राण्याचं आख्खं तोंडच झाकण म्हणून बसवलेलं असतं. आज यातल्या बहुतेकांच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. पाणमांजर आणि रानमांजर युरोपीय संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत. 2007 मध्ये स्कॉटलंडच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि 1994 नंतर मारलेल्या अशा प्राण्याचा स्पॉरन जवळ बाळगायलासुद्धा परवाना लागू लागला. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली होती, पण नियम खरा आहे. बॅजरसाठी 1992 चा वेगळा कायदा आहे. मेलेला बॅजर किंवा त्याचा एखादा भाग तुमच्याकडे सापडला, तर तो बेकायदा मारलेला नाही हे तुम्ही दाखवायचं. सीलच्या व्यापारावर युरोपीय संघाने 2010 पासून बंदी आणली. अमेरिकेत तर सीलची कुठलीही वस्तू घेऊन उतरणं 1972 पासूनच अडचणीचं आहे, आजोबांचा जुना स्पॉरन असला तरी.

हे सगळं वाचताना दोन रात्री गेल्या आणि उत्साह निम्मा झाला. मग रो हरणावर येऊन थांबलो. शेळीपेक्षा थोडं लहान, मागे पांढरा ठिपका असलेलं हे हरीण इथे गावाच्या कडेलासुद्धा दिसतं. लांडगे आणि लिंक्स कधीच संपले, त्यामुळे हरणांची संख्या माणसालाच आटोक्यात ठेवावी लागते. नेचरस्कॉट या सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली दरवर्षी हरणं मारली जातात, मांस विकलं जातं आणि कातडी बहुतेक ठिकाणी फेकून देतात. परवान्याचा प्रश्न नाही. फक्त हरीण कायदेशीर हंगामात, कायदेशीरपणे मारलेलं असलं पाहिजे. तेव्हा रो नराचा हंगाम 1 एप्रिल ते 20 ऑक्टोबर असा होता. माझं काम चालू असतानाच, 21 ऑक्टोबर 2023 पासून, नरांसाठीचा बंद हंगाम काढून टाकला गेला. मादीचा हंगाम अजूनही 21 ऑक्टोबर ते 31 मार्च एवढाच आहे.

हंगामाचा संबंध केसांशीही आहे, आणि हे मला कुठल्याही व्हिडिओने सांगितलं नाही. रो हरणाचे हिवाळी केस राखाडी, लांब आणि आतून पोकळ असतात. ऊब देतात खरे, पण पटकन तुटतात. उन्हाळी केस आखूड, तांबूस आणि त्यामानाने चिवट. मांडीवर दिवसभर घासणाऱ्या वस्तूला उन्हाळी कातडंच हवं. म्हणजे जुलै-ऑगस्टमधला नर.

पिटलॉक्रीच्या पलीकडे एका इस्टेटीवर काम करणाऱ्या स्टॉकरशी ऑफिसातल्या मैत्रिणीने ओळख करून दिली. स्टॉकर म्हणजे डोंगरावर हरणांची राखण आणि शिकार दोन्ही करणारा पगारी माणूस. मी फोनवर फार पाल्हाळ लावलं. त्याने मध्येच विचारलं, "फ्रीजर मोठा आहे का?" ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा निरोप आला. पैसे घेतले नाहीत, एक व्हिस्कीची बाटली घेतली. मी मात्र एक गोष्ट आग्रहाने मागितली, ती म्हणजे कागद. इथे मारलेल्या जंगली हरणाला प्रशिक्षित शिकाऱ्याने नंबर असलेलं लेबल लावायचं असतं. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण येतं. त्या लेबलचा फोटो आणि स्टॉकरच्या सहीची चार ओळींची चिठ्ठी मी घेतली. कायद्याने रो हरणासाठी अशी चिठ्ठी लागत नाही. तरी घ्या. आज काय लागत नाही आणि दहा वर्षांनी काय लागेल, हे 2007 चा गोंधळ वाचल्यावर कुणी सांगू नये.

कातडं घरी आणलं ते दोन काळ्या पिशव्यांत. ताबडतोब करायचं काम म्हणजे गोचीड बघणं. रो हरणावर गोचिडी असतातच आणि इथल्या गोचिडींतून लाइम नावाचा आजार पसरतो. हातमोजे, लांब बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट, आणि काम संपल्यावर आंघोळ करताना काखा आणि गुडघ्यांमागे नीट बघणं. कातडं मी मांसाची बाजू आत घडी करून आधी फ्रीजरमध्ये टाकलं. बायकोने मटारच्या पिशव्या खालच्या कप्प्यात हलवल्या आणि दोन दिवस बोलली नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, ते घरात कशाला आणलंस? बाहेर ठेव आणि आंघोळ कर." मी हसलो, पण नंतर त्यावर बराच विचार केला. आमच्या गावात ढोरवाडा वेशीबाहेर होता. कुंडात हिरडा आणि बाभळीची साल घालून कातडी कमावली जायची, आणि त्या वासाला नाक मुरडणारे आम्ही त्याच कातड्याच्या चपला घालून देवळात जायचो. बाहेर काढून का होईना. इथे मी तेच काम छंद म्हणून, पैसे मोजून, गॅरेजमध्ये करत होतो आणि शेजारी येऊन कौतुक करत होते. माझ्या आजोबांच्या वेळी कुणी या कामाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तासायला घेतलं. मांसाच्या बाजूला चरबी, मांसाचे धागे आणि एक पातळ पापुद्रा असतो. तो पूर्ण निघाल्याशिवाय पुढचं काहीही आत मुरत नाही. प्लास्टिकचा जाड पाइप भिंतीला तिरका टेकवून त्यावर कातडं पसरलं आणि बोथट धारेच्या दोन मुठींच्या सुरीने ढकलत गेलो. धारदार सुरी वापरू नका, कातडं फाटतं. खांद्यामागे गोळीचं भोक होतं, करंगळी जाईल एवढं. त्याच्याभोवती रक्त गोठून काळं झालेलं. थंड पाण्याने धुतलं, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. ते भोक कुठे आहे ते तेव्हाच मार्करने कागदावर काढून ठेवलं, कारण नंतर नमुना बसवताना ते टाळायचं होतं.

मग मीठ. आयोडीन नसलेलं जाडं मीठ, साधारण कातड्याच्या वजनाइतकं, मांसाच्या बाजूला चोळून. कडा आणि पायांच्या टोकांना विसरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, ते ओतून पुन्हा ताजं मीठ. केस धरून हलकेच ओढून बघायचे. झुपक्याने हातात आले तर कातडं आतून सडायला लागलंय असं समजायचं. ऑगस्ट-सप्टेंबरची ऊब ही एकच गोष्ट इथे आपल्या विरुद्ध असते.

पुढचा टप्पा आंबट पाण्याचा. एक लिटर पाण्याला साधारण 120 ग्रॅम मीठ आणि 20-22 ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. प्लास्टिकचा डबा हवा, धातूचा नको. पीएच पट्टीवर दोनच्या आसपास राहिला पाहिजे, वर गेला तर थोडं आम्ल आणखी घालायचं. रोज हातमोजे घालून ढवळायचं. किमान तीन दिवस, मी जास्त ठेवलं, त्याने बिघडत नाही. कातडं पांढरं आणि फुगीर झालं की बाहेर काढून उरलेला पापुद्रा तासायचा. या वेळी तो फार सहज निघतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीसेक मिनिटं, आम्ल मारण्यासाठी.

मला कमवायला तुरटी वापरायची होती. ओळखीची, स्वस्त, शेकडो वर्षांची रीत. स्टॉकरने फोनवरच मोडता घातला. तुरटीने कमावलेलं कातडं भिजलं की तुरटी धुऊन निघते आणि वाळल्यावर ते पत्र्यासारखं कडक होतं. स्कॉटलंडमध्ये भिजणार नाही असं काही नसतं. मग पंचवीस पाउंडांचं तयार कमावण्याचं द्रावण मागवलं. मांसाच्या बाजूला कोमट करून चोळलं, घडी घालून रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी टांगलं.

याच्यानंतरचं काम कुणी दाखवत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे. पण सगळा स्पॉरन त्यावर उभा आहे. कातडं अर्धवट ओलं असताना ते मऊ करावं लागतं, नाहीतर पुठ्ठा होतो. टेबलाच्या कडेवर मांसाची बाजू खाली धरून दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढायचं. ओलं कातडं निळसर, जरासं पारदर्शक दिसतं. ताणलं की त्या जागेचे तंतू सुटतात आणि डोळ्यांदेखत ती जागा पांढरी, सायीसारखी मऊ होते. सोडलं की पुन्हा थोडी काळवंडते. जोवर ती पांढरी राहत नाही तोवर थांबायचं नाही. कडा आधी वाळतात, म्हणून त्यांना मध्येच ओल्या फडक्याने शिंपडावं लागतं. मान जाड असते, पोटाकडचं पातळ, दोघांची वेळ वेगळी. रात्री रेडिओ लावून बसायचो. मनगटं भरून यायची. शेवटी नीट्सफूट तेलाचा, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेल्या तेलाचा, हलका हात आणि मांसाच्या बाजूला बारीक पॉलिशकागद.

ऑक्टोबरच्या मध्यावर माझ्याकडे एक तांबूस, मऊ, बिनवासाचं कातडं होतं. खरंच बिनवासाचं. बायकोने येऊन हात फिरवला आणि विचारलं, "याची उशी नाही का करता येणार?"

शिवणकाम मला घाबरवत होतं, प्रत्यक्षात तेच सगळ्यात सोपं निघालं. एक निवृत्त खोगीर कारागीर शनिवारी सकाळी तीन तास शिकवतात, चाळीस पाउंडांत, हत्यारं त्यांचीच. दोन शनिवार गेलात तरी पुरे. पहिल्या दिवशी त्यांनी माझा कागदी नमुना बघितला. झाकणावर मी गुंतागुंतीची केल्टिक वेलबुट्टी काढली होती. ती बाजूला सारून म्हणाले, "हरणाला दिसू दे." मला ते पटलं. आजकाल प्रत्येक स्पॉरनवर ती गाठीगाठींची नक्षी असते आणि खालचं कातडं शोधावं लागतं. सगळ्यात जुन्या स्पॉरनमध्ये असलं काही नव्हतं. हरणाच्या किंवा वासराच्या कातड्याची, वर दोरी ओवलेली साधी पिशवी, एवढंच. थैलीचं तोंड बंद करणाऱ्या धातूच्या कोरीव पकडी नंतर आल्या आणि घोड्याच्या केसांचे लांबलचक पांढरे स्पॉरन तर एकोणिसाव्या शतकातल्या हायलँड पलटणींचे. एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात स्पॉरनची एक पकड आहे, तिच्यात छोटी पिस्तुलं दडवलेली आहेत. भलत्याने उघडायला जावं तर गोळी सुटावी अशी सोय.

केसाळ कातडं कापायची रीत लक्षात ठेवा. कात्री अजिबात नाही. उलटं पालथं घालायचं, मांसाच्या बाजूला नमुना आखायचा आणि नव्या पात्याने फक्त कातडीपुरती चीर द्यायची, केसांना पातं लागू न देता. मग दोन्ही बाजू हलकेच ओढल्या की केस आपोआप विलग होतात आणि कड नैसर्गिक दिसते. कात्रीने कापलं तर कडेला न्हाव्याने कल्ले उडवल्यासारखी सरळ रेघ येते, ती शेवटपर्यंत लपत नाही. केसांची दिशा खाली हवी. गोळीचं भोक नमुन्याच्या बाहेर राहिलं, पाठीच्या कण्याची गडद रेघ बरोबर मध्ये आली. मागच्या पांढऱ्या ठिपक्याचा तुकडा गोंड्यांसाठी वेगळा काढला.

पाठीला आणि झाकणाला दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचं, झाडांच्या सालींनी कमावलेलं गाईचं चामडं, बाजूच्या पट्टीला त्याहून पातळ. दुकानदाराने कमावण्याच्या सालींची यादी सांगितली, तेव्हा त्यांना म्हटलं की आमच्याकडे यासाठी हिरडा वापरतात. ते म्हणाले की इथल्या कारखान्यांनीसुद्धा वर्षानुवर्षं भारतातून जहाजं भरभरून हिरडा आणला. आमच्या कोकण-सह्याद्रीतलं ते फळ या ओल्या देशात येऊन किती खोगिरं आणि बूट कमावून गेलं असेल.

टाका खोगिराचा: एकच मेणवलेला तागाचा दोरा, दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यायचा. मार्क करायच्या काट्याने साधारण तीन मिलिमीटरवर खुणा, मग आरीने एकेक भोक, आरी कायम एकाच तिरकसपणात. लाकडी चिमटा गुडघ्यांत धरून शिवायचं. गुरुजींचं सांगणं एवढंच की दोरा कुरकुरला की थांब, त्याहून ओढू नकोस. हरणाच्या कातड्याच्या कडा शिवण्याआधी आतून तासून पातळ केल्या, नाहीतर शिवणीवर गाठोडं होतं. आणि प्रत्येक टाक्यात अडकलेले केस बोथट सुईने उपसून वर काढायचे. याला कंटाळलात तर शिवण टकली दिसते.

नोव्हेंबर याच्यात गेला. तीन गोंडे डिसेंबरात झाले. पांढऱ्या तुकड्याच्या पट्ट्या गुंडाळून विकतच्या धातूच्या शंकूंत बसवल्या, वर चामड्याची वादी. मागे दोन कड्या, त्यांना साखळी आणि मागच्या बाजूला चामडी पट्टा. झाकणाला लपवलेला लोहचुंबक लावायचा मोह झाला होता, पण बँकेच्या कार्डाचा विचार करून साधी घुंडी लावली.

आता हिशेब, पाउंडांत, अंदाजे. मीठ, लिंबूसत्त्व, पीएच पट्ट्या, सोडा, तेल मिळून तीसच्या आत. कमावण्याचं द्रावण पंचवीस. चामडं चाळीस. दोरा, सुया, आरी, काटा, पाती पंचेचाळीस. साखळी, शंकू, कड्या तीस. शिकवणीचे वेगळे. हत्यारं पुढच्या कामाला उरतात असं मी स्वतःला सांगतो. यातलं काही विकायचा विचार असेल तर सुरुवातीलाच थांबा आणि प्राणिजन्य उपपदार्थांचे नियम वाचा. घरी स्वतःसाठी करणं वेगळं आणि धंदा वेगळा. त्यासाठी प्राणी आणि वनस्पती आरोग्य संस्थेकडे, म्हणजे एपीएचएकडे, आधी लेखी विचारावं.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी गावच्या सभागृहात बर्न्स सपर होतं. कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती 25 जानेवारीला, जेवणावळी आठवडाभर. हॅगिस आलं, भाषणं झाली, नाच सुरू झाला. पट्टा एवढा ठेवा की स्पॉरनची वरची कड कमरपट्ट्याच्या बकलापासून चार बोटं खाली येईल. आणि नाचताना तो फिरवून कमरेच्या बाजूला घ्या, समोर ठेवाल तर गिरकीत नको तिथे आपटतो. शेजारी बसलेल्या एका आजींनी केसांवरून हात फिरवला. कसा केला हे त्यांनी विचारलंच नाही. "कुठल्या डोंगरावरचा?" एवढंच विचारलं. मी इस्टेटीचं नाव आणि महिना सांगितला. त्या म्हणाल्या, हो, तिकडचे नर ऑगस्टात असेच तांबूस असतात.

नंतरची निगा: भिजला तर हवेवर वाळवा, हीटरजवळ नाही. केसांच्या दिशेने मऊ ब्रश. उन्हाळ्यात कसर लागते, म्हणून ठेवण्याआधी पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये. मटार पुन्हा खालच्या कप्प्यात जातात. मांडीवर घासते तिथले केस वर्षभरात विरळ व्हायला लागले आहेत, ते हरणात होणारच. दणकट हवा असेल तर वासराचं कातडं घ्या, ते तयार कमावलेलं मिळतं आणि तासण्यापासून सुटका होते. शिवणीची रीत तीच.